नाक परत आणायला

तिकिटं काढून झाली, पासपोर्टवर शिक्का बसला, परदेशातल्या दवाखान्याने तारीख पक्की केली, आणि मगच चष्मेवालीने घरात तोंड उघडलं. आधी सांगितलं असतं तर शंभर फाटे फुटले असते, हे एकवीस वर्षांच्या संसारात तिला पुरतं कळून चुकलं होतं.

सांगायला जागाही तिने मुद्दाम मोठ्या दिरांच्या दिवाणखान्याची निवडली. महिन्यातल्या एका रविवारी सगळं कुटुंब तिथे दुपारी जेवायला जमायचं. जेवणं आटोपली, मंडळी सोफ्यावर सैलावली, जाऊबाईंनी पंखा वाढवला, तेव्हा ती म्हणाली, "भाऊजी, मी पुढच्या महिन्यात नाकाच्या ऑपरेशनसाठी परदेशात चाललेय. तीन आठवडे लागतील."

कोणी काही बोललं नाही. त्या शांततेत एक बारीक शिटी तेवढी ऐकू येत राहिली. ती तिच्याच नाकातून येत होती.

ही शिटी कुठून आली ते आधी सांगायला हवं.

बाजाराच्या वळणावर नवराबायकोचं चष्म्याचं दुकान होतं. नवरा मागच्या खोलीत यंत्रावर काचा घासायचा आणि ती पुढे काउंटरशी बसून गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावर फ्रेम बसवायची. डोळे तपासणारा माणूस वेगळा होता. नंबर त्याचा, काच नवऱ्याची, पण चष्मा नाकावर नीट बसतो की घसरतो, हा मामला तिचा. लोकांना वाटतं चष्मा डोळ्यांचा असतो, ती म्हणायची, पण चष्मा असतो नाकाचा. डोळे नुसते त्यातून बघतात. वीसेक वर्षांत तिच्या हाताखालून हजारो नाकं गेली होती. सरळ, बसकी, फेंदारलेली, एका अंगाला कललेली. कुठल्या नाकाला फ्रेमचा ब्रिज, म्हणजे दोन काचांमधला पूल, किती मिलिमीटरचा लागेल हे तिला माणूस दारातून आत येतानाच कळायचं. तरी ती मापायची आणि प्रत्येकाच्या कार्डावर लिहून ठेवायची.

तिचं स्वतःचं नाक म्हणजे वडिलांची देणगी. लांब, मधोमध चांगला उंचवटा आणि शेंड्याशी जरा खाली वळलेलं. शाळेत पोरी तिला 'पोपट' म्हणायच्या. पुढे दोन स्थळं त्या नाकाकडे बघून नाक मुरडून गेली. पण चष्म्याच्या धंद्यात पडल्यावर त्याच नाकाने तिला हात दिला. कुठलीही फ्रेम त्यावर खुंटीला अडकवल्यासारखी बसायची. गिऱ्हाईक गोंधळलं की ती फ्रेम स्वतःच्या नाकावर चढवून दाखवायची, आणि निम्म्या वेळा तीच फ्रेम विकली जायची.

मग सर्दी हटेना म्हणून तिने मोठ्या दिरांना दाखवलं. दीर कान-नाक-घशाचे डॉक्टर, स्वतःचा दवाखाना, पंचक्रोशीत मोठं नाव. त्यांनी नाकात बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं की आतला पडदा वाकडा आहे, वीस मिनिटांचं काम, घरच्या घरी करून टाकू. त्यांनी ते केलंही. पहिले दोनतीन महिने श्वास असा मोकळा चालला की ती येईल त्याच्याजवळ दिरांचे गुण गात होती.

चौथ्या महिन्यात चष्मा घसरायला लागला. आधी तिने स्क्रू आवळला. मग नोजपॅड वाकवले, मग दांड्या कानामागे जास्त वळवल्या. दोन आठवडे ती फ्रेमशी झगडत होती. एका सकाळी काउंटरवरच्या आरशात तिरपं बघताना तिच्या लक्षात आलं की फ्रेम बिचारी जिथल्या तिथे आहे, खाली गेलंय ते नाक. मधला उंचवटा जुन्या खुर्चीच्या बैठकीसारखा दबला होता. पुढे तो आणखी दबत गेला. दोन्ही नाकपुड्या आत ओढल्या जायला लागल्या, आणि पडद्याला कुठेतरी भोक पडलं असावं, कारण श्वास घेतला की शिटी वाजायची. गिऱ्हाइकाच्या कानामागे दांडी बसवायला ती वाकली की तो आवाज नेमका त्याच्या कानात जायचा. लहान मुलं खुदकन हसायची. मोठी माणसं न ऐकल्यासारखं करायची, आणि ते तिला जास्त लागायचं. काउंटरमागे बसताना ती तोंडावर मास्क लावू लागली.

दीर पहिल्यांदा म्हणाले, सूज आहे, उतरेल. सहा महिन्यांनी म्हणाले, तुझी हाडंच मऊ आहेत, त्याला मी काय करणार. वर्षाने म्हणाले, वय झालं की सगळ्यांचंच असं होतं. तोपर्यंत ते तिच्याशी बोलताना तिच्या कपाळाकडे बघायला लागले होते. तिने ऑपरेशनचे कागद मागितले, तर घरच्या माणसाचे कसले कागद ठेवायचे, असं त्यांनी हसून सांगितलं. तिने परस्पर दुसरे दोन डॉक्टर गाठले. पहिल्याने बॅटरी उचलली, आडनाव विचारलं आणि बॅटरी खाली ठेवली. दुसरा तर दिरांच्याच हाताखाली शिकलेला. "सरांनाच विचारा ना," एवढं बोलून त्याने पुढच्या पेशंटला आत बोलावलं. जवळपासच्या गावांत जो कोणी नाकाचा डॉक्टर होता, तो दिरांचा विद्यार्थी, नाहीतर मित्र, नाहीतर त्यांच्या संघटनेतला. तेव्हा तिने ठरवलं की जिथे या आडनावाला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी आपलं नाक न्यायचं. बिघडलेली नाकं पुन्हा उभी करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईचा पत्ता तिने शोधून काढला, फोटो पाठवले, चार महिने पत्रं लिहिली आणि साठवलेल्या पैशांतून तिकीट काढलं.

दिवाणखान्यातली शांतता शेवटी जाऊबाईंनी मोडली. या वयात नाक कोणाला दाखवायचंय, असं त्या म्हणाल्या. शेहेचाळिसाव्या वर्षी सुंदर दिसायचे डोहाळे लागले का, असा त्यांचा सूर होता. तिने शांतपणे सांगितलं की तिला सुंदर दिसायचं नाही, श्वास घ्यायचाय, आणि आरशात आपलाच चेहरा दिसायला हवाय.

दीर उठून खिडकीशी गेले. परदेशातले डॉक्टर कसे बाजार मांडून बसलेत, कसे फसवतात, यावर ते बराच वेळ बोलले. मग पाठमोरेच म्हणाले, "तुला कळतंय ना, लोक काय म्हणतील? डॉक्टरची भावजय नाक घेऊन परदेशात गेली. त्याचा अर्थ काय होतो?"

"जो होतो तो होऊ दे, भाऊजी."

नवरा इतका वेळ मान खाली घालून हाताची नखं बघत होता. घरी आल्यावर तो बोलला. दादाने आपल्याला शिकवलं, दुकान उभं करून दिलं, वडील गेल्यावर बाप होऊन राहिला, हे सगळं त्याने पुन्हा एकदा सांगितलं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं, म्हणून तिने ऐकून घेतलं. "तू गेलीस तर दादाचं नाक कापल्यासारखं होईल गं," तो म्हणाला.

"कापलंय ते माझं नाक आहे. त्यांचं जागेवर आहे," ती म्हणाली.

तो बरोबर यायला तयार झाला नाही, पण जाऊ नकोस असंही म्हणाला नाही. बरोबर जायला कोण, हा प्रश्न नणंदेने सोडवला. नणंद तिघा भावंडांत धाकटी, तरणतलावावर पोहायला शिकवायची. बोलणं मोठ्याने, कारण पाण्यात असलेल्या माणसाला हळू बोललेलं ऐकू येत नाही आणि तीच सवय जमिनीवरही टिकली होती. रविवारच्या जेवणाला ती नव्हती. दुसऱ्या दिवशी ओल्या केसांनी दुकानात आली आणि म्हणाली, "वहिनी, माझी रजा मंजूर झाली. माझ्या गळ्यात शिटी, तुमच्या नाकात शिटी, आपली जोडी बरी जमेल."

"वन्सं, तुमच्या दादांना काय वाटेल?"

"दादाला मी लहानपणी पाण्यात ढकललं होतं, तेव्हाही त्याला वाईट वाटलं होतं. आला वर."

विमानतळावर सोडायला नवरा आला. बॅग त्यानेच गाडीतून काढून दिली. ती आत गेली तरी बराच वेळ काचेपलीकडे उभा होता.

परदेशातला दवाखाना एका सहामजली इमारतीत होता. खाली पडद्याच्या कापडाचं दुकान आणि वर सगळी नाकं. बसायच्या खोलीत दहाबारा माणसं होती आणि प्रत्येकाच्या चेहऱ्याच्या मधोमध पांढरी पट्टी. सगळी मंडळी एकाच काचेच्या दारावर आपटून आल्यासारखी दिसत होती. नणंदेने ते मोठ्याने बोलून दाखवलं. भाषा कोणाला कळली नाही हे नशीब.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, हात अगदी लहान, केस पुरुषी कापलेले. मधे दुभाषी होती. ती मूळची चष्मेवालीच्याच भाषेची, पण बरीच वर्षं तिकडे राहिल्याने प्रत्येक वाक्याआधी क्षणभर अडखळायची. डॉक्टरीणबाईंनी बारीक नळी घालून दोन्ही नाकपुड्या आतून बघितल्या, बोटाने नाकाचा शेंडा दाबला. तो कापसाच्या गोळ्यासारखा पार आत गेला. मग त्यांनी तिचा फोटो पडद्यावर घेतला आणि त्यावर नवं नाक काढून दाखवलं. सरळ, नाजूक, शेंडा जरासा वर.

"ही कोण?" नणंदेने विचारलं.

ऑपरेशननंतरच्या त्याच आहेत, असं दुभाषीने सांगितलं.

"ही मी नाही," चष्मेवाली म्हणाली. "ही माझ्या दुकानात आली असती तर मी हिला लहान मुलांच्या कपाटातली फ्रेम काढून दिली असती."

डॉक्टरीणबाईंनी समजूत घातली. बहुतेक बायकांना असंच नाक हवं असतं, चेहरा तरुण दिसतो, आणि मुळात उंचवटा घालून घ्यायला आजवर त्यांच्याकडे कोणी आलेलं नाही. येतात ते काढून टाकायला. चष्मेवालीने पर्समधून एक जुनी फ्रेम काढून टेबलावर ठेवली. जाड काळ्या प्लास्टिकची, ब्रिज अठरा मिलिमीटरचा, तिने बिघाडाच्या आधी दहा वर्षं वापरलेली. तिच्या जुन्या नाकाची चढण त्या फ्रेमच्या पोटात अजून जशीच्या तशी होती.

"मला हे नाक हवंय," ती म्हणाली. "मी पाण्यासारखा, कोणाचाही वाटेल असा चेहरा घेऊन घरी जाणार नाही. माझ्या वडिलांनी दिलेली वस्तू तुमच्या पेशातल्या माणसाने मला न विचारता घालवली. ती परत पाहिजे. नवी नको."

दुभाषीने या वेळी अडखळायला जास्तच वेळ घेतला, पण सांगितलं सगळं, हे डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी खणातून मापपट्टी काढली, फ्रेम उलटीसुलटी करून मोजली, कागदावर आकडे लिहिले. मग म्हणाल्या की एवढं उभं करायचं तर बरगडीचा कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकाशी असतो तो लवचिक भाग, जास्त घ्यावा लागेल, आणि छाती बरेच दिवस दुखेल.

"घ्या. बरगड्या पुष्कळ आहेत," ती म्हणाली.

मग तिने तो प्रश्न विचारला जो तिला दोन वर्षं कुरतडत होता. माझी हाडं मऊ आहेत का? डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. हाडं उत्तम आहेत. नाक ज्या कूर्च्यावर उभं असतं तो वरून आणि पुढून निदान दहा मिलिमीटर तरी राखावा लागतो. इथे तीन आहे, काही ठिकाणी तेवढाही नाही. काढणाऱ्याला घाई असणार.

"हे लिहून द्याल?"

त्या थबकल्या. एका डॉक्टरने दुसऱ्याविरुद्ध लिहायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, ते दिसत होतं. चष्मेवाली म्हणाली, "चूक कोणाची ते लिहू नका. माझ्याकडे डोळ्यांच्या नंबराचे कागद येतात. डोळे कोणी बिघडवले ते त्यावर नसतं, नुसता नंबर असतो. तुम्ही नंबर लिहा. किती आहे आणि किती असायला हवं होतं."

ऑपरेशन झाल्यावर आत जे दिसलं ते मापासकट लिहून देईन, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांनी पाळला.

ऑपरेशनला पाच तास लागले. शुद्धीवर आल्यावर नाकापेक्षा छातीच जास्त ठणकत होती. उजव्या बाजूला बोटभर लांबीचे टाके होते. हसलं की तिथे कळ यायची आणि उशाशी नणंद बसलेली, म्हणजे काही विचारायलाच नको. शेवटी परिचारिकेने खुणेनेच नणंदेला बाहेर बसवलं.

चौथ्या दिवशी त्या दोघी जवळच्या भाड्याच्या खोलीत राहायला गेल्या. नाकावर प्लास्टिकचा साचा, डोळ्यांभोवती निळंजांभळं. सहा आठवडे नाकावर चष्मा ठेवायचा नाही अशी सक्त ताकीद होती आणि चष्म्याशिवाय तिला चार हातांवरचं माणूस दिसत नव्हतं. आता भिंती चाचपत बसायचं, असं म्हणत तिने बॅगेतले कपडे काढले, तर तळाशी मऊ कापडात गुंडाळलेलं काहीतरी लागलं. ती एक फ्रेम होती, पण नोजपॅड काढून टाकलेली. वरच्या कडेला दोन बारीक हूक होते आणि ते हूक एका रुंद कपाळपट्टीत अडकत होते. पट्टी डोक्याला बांधली की चष्मा डोळ्यांपुढे अधांतरी लटकायचा, नाकाला शिवायचाही नाही. काचांवर तिचा नेमका नंबर. हूक झाळलेल्या जागा इतक्या सफाईने घासल्या होत्या की बोटाला लागत नव्हत्या. असं काम तिच्या ओळखीत एकच माणूस करत होता, आणि त्याने चिठ्ठीसुद्धा ठेवली नव्हती.

ती पलंगावर बसून राहिली. रडायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, नाक चोंदतं म्हणून. नणंदेने दोनदा तिच्याकडे बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा काही न बोलता चहा करायला गेली.

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी तो चष्मा हातात घेऊन नीट न्याहाळला आणि आणखी दोन मिळतील का, असं विचारलं.

चालायला जायची परवानगी मिळाली तेव्हा पहिल्या दिवशी तिने चेहऱ्याला ओढणी गुंडाळली. साचा, जांभळे डोळे, कपाळावरून लटकलेला चष्मा; रस्त्यावरचं माणूस वळून बघणारच. बसथांब्यावरच्या एका बाईने तर शेजारणीला कोपराने ढोसून दाखवलं. चष्मेवाली दहा पावलं पुढे गेली आणि थांबली. दोन वर्षं ती मास्कमागे लपली होती. गुन्हा केल्यासारखी. तिने ओढणी सोडली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि मागे फिरून त्याच बसथांब्यावर, त्याच बाईच्या शेजारी जाऊन बसली. बस येईपर्यंत बसली. त्या बाईने बसचं वेळापत्रक पाठ होईल इतका वेळ वाचलं.

साचा निघाला त्या दिवशी आरशात सुजलेलं, पिवळट नाक दिसलं. पण मधोमध उंचवटा होता. तिने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

"पोपट," ती हलकेच म्हणाली.

मागे उभी असलेली नणंद एकदम घाबरली. "वहिनी, तुमचा श्वास ऐकू येत नाहीये."

"चालू आहे," ती म्हणाली. "आवाज बंद झालाय."

ती परतली त्या महिन्यात रविवारचं जेवण झालं नाही. जाऊबाईंकडे रंगकाम निघालं होतं म्हणे. पुढच्या महिन्यातही ते रंगकाम चालूच होतं. पण दुकानात माणसांची रीघ लागली. कोणी चष्म्याच्या निमित्ताने, कोणी निमित्तही न काढता नाक बघायला यायचं. ती मास्क न लावता बसायची आणि ज्याला पाहिजे त्याला बघू द्यायची.

एका दुपारी वाचनालयातल्या बाई आल्या. तिशीतल्या, अबोल, नेहमीच्या गिऱ्हाईक. चष्मा घसरतो म्हणून त्या वर्षभरात तीनदा येऊन गेल्या होत्या. आज त्यांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला आणि नाकावर बोट ठेवून म्हणाल्या, "मलाही हाडं मऊ आहेत असंच सांगितलं होतं."

चष्मेवालीने त्यांचं कार्ड काढलं. दोन वर्षांपूर्वी ब्रिज सतराचा, पॅड साधे. आता पॅड दोनदा बदलून उंच केलेले, तरी फ्रेम टेकत नव्हती. ऑपरेशन कुठे झालं हे विचारायची गरज नव्हती, पण तिने विचारलं. त्या बाई गेल्यावर तिने कार्डांचे सगळे खोके खाली काढले. ज्यांचे पॅड अचानक उंच करावे लागले होते अशी माणसं वेगळी काढली आणि एकेकाला फोन लावला. चष्मा कसा बसतोय, एवढंच आधी विचारायची. संध्याकाळपर्यंत काउंटरवर पाच कार्डं उरली. पाचही जण दिरांच्या टेबलावरून आलेले, आणि पाचही जणांची हाडं मऊ.

ही कार्डं घेऊन तिला दिरांकडे जावं लागलं नाही. आठवड्याभरात तेच दुकानात आले, भर दुपारी, गिऱ्हाईक नसताना. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले आणि बघू का, असं त्यांनी विचारलं. तिने मान वर केली. त्यांनी खिशातली छोटी बॅटरी काढून दोन्ही नाकपुड्या बघितल्या, बोटाने शेंडा दाबला. तो हलला नाही. जवळजवळ दोन वर्षांनी ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"काम चांगलं झालंय," ते म्हणाले.

"हो."

"तिथून काही लिहून आणलंयस असं ऐकलं. तो कागद मला दे. घरातली गोष्ट घरात राहू दे."

तिने खणातून पाच कार्डं काढली आणि त्यांच्यासमोर ओळीने मांडली. प्रत्येक कार्डावर ऑपरेशनआधीचं माप आणि नंतरचं माप होतं, तिच्याच अक्षरात, तारखांसकट. "घरातलं एकच नाक आहे, भाऊजी. ही बाहेरची आहेत."

त्यांनी कार्डं वाचायला वेळ घेतला. मग ते म्हणाले की त्यांनी आयुष्यात हजारो ऑपरेशनं केली, किती माणसं त्यांच्यामुळे सुखाने श्वास घेतात. तिने ते नाकारलं नाही. "हजारांचं मला माहीत नाही. माझ्याकडे एवढी पाच आहेत," ती म्हणाली.

"तुला काय पाहिजे?"

"यांना बोलावून सांगा की तुमची हाडं मऊ नव्हती. कागद द्या. पुढे काय करायचं ते त्यांचं ते ठरवतील."

"म्हणजे मी म्हातारपणी या लोकांपुढे नाक घासायचं?"

"घासू नका. घासलं की झिजतं, आणि त्याचा त्रास काय असतो ते मला विचारा."

मागच्या खोलीतलं यंत्र केव्हाच बंद झालं होतं. नवरा दारात उभा होता, हाताला काचेची पूड लागलेली.

"दादा," तो म्हणाला, "ती बरोबर सांगतेय."

दीर त्याच्याकडे बघत राहिले. ज्याला त्यांनी हाताला धरून शाळेत नेलं होतं, त्याने आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलट उत्तर दिलं होतं. ते उठले, बॅटरी खिशात घातली आणि निघून गेले. नवरा त्या संध्याकाळी जेवला नाही. तिनेही आग्रह केला नाही, फक्त त्याच्याजवळ बसून राहिली.

महिनाभर काहीच झालं नाही. मग वाचनालयातल्या बाईंना दिरांच्या दवाखान्यातून फोन आला. बाई गेल्या तेव्हा दिरांनी समोर बसवलं, कूर्चा जास्त काढला गेला असं एका वाक्यात सांगितलं आणि कागदांचा लिफाफा हातात दिला. माफी मागितली नाही. आणखी एकाला त्यांनी असंच बोलावलं. उरलेल्या तिघांना त्यांनी बोलावलं नाही, तेव्हा चष्मेवालीने स्वतः जाऊन सांगितलं. दिरांनी नाकाची ऑपरेशनं बंद केली. हात थरथरतो, असं कारण त्यांनी दिलं. तो खरंच थरथरत होता की नाही हे कोणाला कळलं नाही, आणि ते विचारायला ती गेली नाही.

जाऊबाई आजही रस्त्यात भेटल्या तर दुसऱ्या बाजूने जातात. नवरा महिन्यातून एकदा भावाकडे एकटाच जातो, अर्धा तास बसतो, परत येतो. एका चुलत सासूबाईंनी तिला चारचौघांत सुनावलं की तू या घराचं नाक घालवलंस. तिने त्यांना दुकानात यायला सांगितलं. म्हणाली, कोणाचं किती गेलंय ते मोजून देते.

वाचनालयातल्या बाईंनी हिंमत करायला वर्ष घेतलं. एकटीने परदेशात जायची भीती वाटते, भाषा येत नाही, असं त्या म्हणत होत्या, तेव्हा नणंद काउंटरला टेकून उभी होती. मला तिथला रस्ता पाठ आहे, ती तिच्या त्या तलावाकाठच्या आवाजात म्हणाली, आणि माझी रजा पुन्हा साठलीय. त्या दोघी गेल्या त्या दिवशी चष्मेवालीने त्यांच्याबरोबर कपाळपट्टीचे चार चष्मे बांधून दिले. एक वाचनालयातल्या बाईंच्या नंबराचा होता. बाकीचे तीन डॉक्टरीणबाईंकडे ठेवायचे, ज्यांना लागतील त्यांनी काचा तिथे बसवून घ्यायच्या. पुडक्यावर नवऱ्याने स्वतःच्या हाताने दुकानाचं नाव आणि पत्ता लिहिला, ठळक अक्षरात, आडनावासकट.